व्याही धोंडिबारावांच्या ढेकराची मोहीम

श्रीगजाननाचे चरणी मस्तक ठेवून, घडले तेवढेच लिहीन आणि चवीपुरतेच मीठ घालीन, ऐसा शब्द देऊन लिहिली हकिकत ऐसी जे: शहर छत्रपती संभाजीनगर, जालना रस्ता, तेथील काचेचे हॉटेल, या ठिकाणी आखाड सरते समयी करमाडकर सूर्यभानराव यांनी थोर मोहीम केली.

मोहिमेचे कारण. सूर्यभानरावांची कन्या रत्नमाला फर्दापूरचे मातबर असामी धोंडिबाराव यांचे घरी सून म्हणोन दिली. लग्नाचे पंगतीत बुंदी फिरली तेव्हा धोंडिबारावांनी रिवाजाप्रमाणे "नाय नाय, बास" म्हटले, आणि वाढणारा अक्कलशून्य इसम खरेच पुढे निघोन गेला. दुसऱ्यांदा आग्रह कोणी केला नाही. मग व्याही जे रुसले ते रुसलेच. करमाडचे घरचे पाणी पिणार नाही ऐसी आण घेतली, आणि सुनेस माहेरी धाडणे बंद केले. नागपंचमी जवळ आली तसा मातोश्री पुतळाबाईंचा पदर डोळ्यांवरून हटेना, आणि सूर्यभानरावांचा लेकीवाचून जीव तुटू लागला.

मग नवराबायकोची मसलत बसली. घर वर्ज्य, परंतु हॉटेल हा त्रयस्थ मुलूख, तेथे पाणी पिण्यास आण आडवी येत नाही, ऐसा तोडगा पुतळाबाईंनी काढिला. फोनावरून खलिता गेला आणि मंजूर जाहला. व्याह्यांचे पोटातून तृप्तीचा ढेकर काढल्याखेरीज उठणे नाही, ऐसा पण करून सूर्यभानरावांनी इस्त्रीचा सदरा चढविला आणि बोलेरोतून कूच केले.

उभय पक्ष समोरासमोर बैसले, इकडे सूर्यभानराव व पुतळाबाई, तिकडे धोंडिबाराव व सून रत्नमाला. खुर्च्या ऐशा मऊ की धोंडिबाराव आत रुतले आणि मेजावर केवळ फेटा व मिशा दिसो लागल्या. मग काळ्या कोटाचा वाढपी आला. गडी बहुत अदबशीर, हाच त्याचा दोष. त्याने सूप पुढे केले, धोंडिबाराव "नाय नाय" म्हणाले, आणि तो लवून माघारा गेला. कबाब आले, तीच गत. मग नानखलियाची, म्हणजे नानासंगे खावयाच्या मटणाच्या रश्श्याची, हंडी आली, वासाने फेटा हालला, वाढप्याने चमचाभर रस्सा वाढोन "और लाऊं, सर?" पुसले, धोंडिबारावांनी "बास बास, पोट टंच हाय" म्हटले, आणि त्याने हंडी उचलोन दूरच्या फळीवर नेऊन ठेविली. व्याह्यांची नजर हंडीमागोमाग गेली, आणि मिशा खाली उतरल्या. पंगतीचीच आगळीक पुन्हा घडत होती. सूर्यभानरावांस दरदरून घाम फुटला. त्यांनी वाढप्यास डोळ्यांनी खूण केली, आणि त्याने अदबीने शौचालयाची वाट दाविली.

तेव्हा सूर्यभानराव उठले. पांढरा रुमाल कमरेस खोविला, फळीवरून हंडी काबीज केली आणि व्याह्यांवर चालोन गेले. व्यवस्थापक धावत आला आणि गिऱ्हाइकाने वाढणे दस्तुरास धरून नाही ऐसे म्हणू लागला. त्यास सूर्यभानराव बोलिले, "दादा, आमच्यात नाय म्हंजे वाढ. तुमचा माणूस नाय म्हंजे नायच समजतोय, अन् हितं माझी लेक अडकलीया." धोंडिबारावांनी ताटावर दोन्ही पंजांची ढाल धरिली. "माझ्या गळ्याची आण हाय," म्हणोन सूर्यभानरावांनी पळी ढालीवरच रिती केली. रस्सा बोटांवरून कोपरापावेतो उतरला, धोंडिबारावांनी तो चाटिला, आणि मिशा वर चढल्या. मग दुसरी पळी, तिसरी, आणि नान किती गेले याची गणती राहिली नाही. शेवटी वाढपी गुलाबजाम घेऊन आला, धोंडिबाराव "नको" म्हणाले, आणि तो गडी छातीस हात लावून म्हणाला, "काका, आण है मेरी," आणि दोन टाकिले.

मग ढेकर जाहला. शेजारील मेजांवरील चमचे थांबले.

धोंडिबारावांनी फर्माविले, "पंचमी कशाला? पोरीला आजच न्या." आणि सूर्यभानरावांचे तोंडून, जन्माची खोड म्हणोन, निघोन गेले, "नाय नाय, राहू द्या, कशाला उगं."

पुतळाबाईंनी कपाळास हात लाविला. रत्नमालेचे तोंड उतरले. धोंडिबारावांनी फेटा सावरिला, व्याह्यांकडे पाहिले आणि म्हणाले, "माझी आण हाय." सूर्यभानरावांचे डोळे भरोन आले आणि त्यांनी तिसऱ्या आग्रहाची वाट पाहिली नाही.

सायंकाळचे आत रत्नमाला नेसत्या लुगड्यानिशी करमाडास दाखल जाहली. लढाईचे गर्दीत तिच्या ताटाकडे कोणी पाहिले नव्हते, आणि सूर्यभानरावांचे मुखीही घास गेला नव्हता, म्हणोन पुतळाबाईंनी पिठले टाकिले. माहेरी "नको" म्हणण्याचा रिवाज नाही, सबब रत्नमालेने पातेलेच पुढे ओढिले, आणि मोहीम फत्ते जाहली ती येथे नमूद केली असे.