आठ ठिपक्यांची गुप्त सभा

संघटना बांधणं हा माझ्या डाव्या हातचा मळ आहे, असं मी अकोल्यात चार जणांना सांगून ठेवलं होतं. त्यातले तिघं अजून भेटले की हसतात. चौथे मुनव्वरभाई. ते समोर हसत नाहीत, एवढंच.

आम्ही आठ जण इंटरनेटची केबल टाकतो आणि तुटली की जोडतो. वर मोठी कंपनी, मध्ये कंत्राटदार, खाली आम्ही. कंत्राटदार आम्हाला कामगार म्हणत नाही, 'पार्टनर' म्हणतो. हे ऐकून माझ्या सासऱ्यांना वाटलं होतं की जावयाचा धंदा आहे. पण मुनव्वरभाई हिवरखेडला खांबावरून पडले, पाय मोडला, तेव्हा हाच भला माणूस दवाखान्यात फोनवर म्हणाला, "कोण मुनव्वर? आपला माणूस नाही." माझं डोकंच फिरलं. आता युनियन काढायचीच.

कामगार कार्यालयात बेबीताई बसतात. त्या म्हणाल्या, "नोंदणीले सात कामगारांच्या सह्या आणा. आन तुमी त्या कंपनीचेच कामगार हाय, असा सही-शिक्क्याचा कागद आणा. ओळखपत्र हाय?"

"नाई."

"पगाराची चिठ्ठी?"

"नाई."

"तुमी कामाले जाता, हे तुमाले तरी पक्कं माहीत हाय न?"

या कागदाचं काय करायचं ते ठरवायला मी गुप्त सभा बोलावली. बार्शीटाकळीच्या रस्त्यावर, निंबाखाली, सकाळी साडेदहा. वेगवेगळ्या वाटांनी यायचं, स्टेटसला फोटो टाकायचा नाही, घरी सांगायचं नाही. गुप्तता इतकी की आमच्यातला उजैर अर्धा तास भलत्याच निंबाखाली बसून आला.

एक गोष्ट मात्र राहिली. आमच्या फोनमध्ये हजेरीचं ॲप असतं. ते बंद केलं की गैरहजेरी लागते, त्यामुळे ते बंद करायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. अकोल्यात आमचे सुपरवायझर केशवराव नकाशा उघडून बसतात आणि आम्ही जिथे असू तिथे त्यांना एकेक हिरवा ठिपका दिसतो. त्या दिवशी त्यांना आठही ठिपके एका झाडाखाली दिसले.

फोन वाजला. "नागसेन, तिथं आठही जण काहून जमले?"

उजैरनं फोन ओढून घेतला. "केबल तुटली साहेब."

"आठ जण लागले म्हणजे मोठी तुटली असंन."

"लय मोठी."

"मले तं एक बी तक्रार नाई आली."

"येईन न साहेब. लोक आत्ताशी उठून राहिले."

केशवराव घाबरट माणूस. त्यांनी लगेच अमरावतीला कळवलं आणि कंपनीचे मोठे साहेब स्वतः गाडी काढून निघाले. दोन तासांत पोचणार. पळून जावं तर ठिपकेही पळताना दिसणार!

मुनव्वरभाई शांत होते. म्हणाले, "खड्डा तरी दाखवा लागंन. ही केबल मीच टाकली हाय, तीन फूट खाली. तुमी फूटभर खोदा, माती सारखी करा, म्हना जोडून झालं."

उजैरनं कुदळ उचलली. पहिलाच घाव, आणि केबलचे सरळ दोन तुकडे. मुनव्वरभाईंनी तीन फूट खाली टाकलेली केबल कंत्राटदारानं रस्ता रुंद होताना वीतभर खोल पुरून ठेवली होती. बार्शीटाकळीचं इंटरनेट गेलं. बँक बंद, तहसील बंद. पाच मिनिटांत केशवरावांचा फोन आला, "आता आल्या बावा तक्रारी," आणि त्यांच्या आवाजात चक्क समाधान होतं.

मग आम्ही जे भिडलो! कुणी माती ओढतोय, कुणी तारा सोलतोय, मुनव्वरभाई मोडका पाय पसरून बारीक डोळ्यांनी एकेक तार जोडतायत. शेवटची तार जोडली आणि साहेबांची गाडी थांबली. त्यांनी खड्डा पाहिला, मग मोबाईल पाहिला.

"पहिली तक्रार बारा वाजून दहा मिनिटांची आहे," ते म्हणाले. "आणि तुम्ही साडेदहापासून इथे?"

संपलं, आठही जणांची भाकरी गेली, असं मला वाटलं.

"तक्रारीच्या आधी दीड तास हजर राहणारी माणसं मी नोकरीत पहिल्यांदा पाहतोय," साहेब म्हणाले. "मी लेखी कळवतो."

मी आनंदानं असा सुटलो की थेट फाट्यावरून साहेबांसाठी चहाच घेऊन आलो.

आठवड्यानं केशवरावांनी पत्र आणून दिलं. कंपनीचा कागद, सही, गोल शिक्का. 'आमच्या पुढील कामगारांनी…' कामगारांनी! मुनव्वरभाईंनी आपल्या नावावरून बोट फिरवलं आणि डोळे पुसले. मलाही भरून आलं.

मग मी माझं नाव शोधलं. पत्रात नावं सातच होती. साहेबांनी ती लिहून घेतली, तेव्हा मी फाट्यावर चहात साखर कमी टाकायला सांगत होतो.

त्या पत्रावर आणि सात सह्यांवर युनियनची नोंदणी झाली. अध्यक्ष मुनव्वरभाई. परवा मी सभासद व्हायला अर्ज घेऊन गेलो. त्यांनी तो नीट वाचला, घडी घातली आणि म्हणाले,

"तुमचं काम पक्कं हाय नागसेनभाऊ. फक्त तुमी आमच्यासंगं कामाले हाय, असा एखादा सही-शिक्क्याचा कागद जोडा."