आधी रंग, मग नाव

माझा थोरला भाऊ अण्णा डॉक्टर होता, आणि माणसाचं नाव विचारण्याआधी तो शौचाचा रंग विचारायचा. दवाखान्यात ठीक. पण माझ्या लग्नाच्या पंगतीत गुडघे चोळत बसलेल्या सासऱ्यांना त्यानं भर वरणभातावर विचारलं, "गोळ्या घेता ना? मग काळं होतं का? डांबरासारखं?" सासऱ्यांनी पान पुढं सारलं, ते परत ओढलंच नाही.

एकोणीसशे साठच्या आसपासचं बंगळूरमधलं राजाजीनगर. सांधे दुखले की लोक ॲस्पिरिन शेंगदाण्यासारखं खायचे. अण्णा मात्र आधी समोर बसवून जेवायला लावायचा. "स्वल्प ऊट माडी! आधी दोन घास, मग गोळी. रिकाम्या पोटाला ती आतून खरवडते, रक्त काढते, मग काळं होतं." कुणाच्या कानात शिट्टी वाजायला लागली की गोळी बंद. गल्ली हसायची. मीही हसायचो, खरं तर मला त्याची लाज वाटायची.

शेजारी निपाणीच्या गंगाक्का एकट्या राहायच्या. गुडघ्यांसाठी रोज गोळ्या, वर सोमवारचा कडक उपास. अशाच एका सोमवारी त्या कट्ट्यावर घामाघूम बसलेल्या. अण्णानं नेहमीचा प्रश्न टाकला.

"कालपास्नं काळंच होतंय. तुम्हांस्नी कसं सांगू? लाज वाटती."

"आणि आज उपाशीपोटी पुन्हा गोळी?"

"गोळीनं उपास मोडत न्हाई, अण्णा. ते काय अन्न हाय?"

अण्णानं नाडी धरली. त्याचा चेहरा उतरला. "उठा. मोठ्या हॉस्पिटलात."

"उद्या येते, उपास सोडून."

"महादेवाशी मी बोलतो, अक्का! पाप माझ्या नावावर. उठा म्हणतो ना!" आणि अख्ख्या गल्लीदेखत त्यानं त्यांना उचलून टांग्यात बसवलं.

आमची आई अशीच गेली होती. गोळ्या नव्यानंच डॉक्टर झालेल्या अण्णानं दिल्या होत्या. उपासाचं तिनं सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. घरात त्यावर कुणी पुन्हा बोललं नाही; मी तर आज पहिल्यांदाच बोलतोय.

गंगाक्का वाचल्या. पेज सुरू झाली तेव्हा अण्णा चमच्यानं त्यांना भरवत होता आणि प्रत्येक घास खाली उतरेपर्यंत त्यांच्या गळ्याकडे बघत होता. मी दारातच थांबलो. नर्सनं हळूच विचारलं, हे आजींचे चिरंजीव का?

"नाही," मी म्हणालो, जरा मोठ्यानंच, "माझा भाऊ."