मिरच्यांचं वजन जैसे थे

बहिणीच्या बाळंतपणाला जाताना बायकोने ओल्या लाल मिरच्यांची टोपली नवऱ्याच्या हवाली केली, आणि गच्चीवर पसरण्याआधी नवऱ्याने ती काट्यावर ठेवली. इथेच घात झाला. दुसऱ्या कोणी मिरच्या उन्हात टाकून पेपर उघडला असता. पण हे पडले कारखान्याचे स्टोअरकीपर. आला तेवढा माल जागेवर दिसला नाही, तर यांना घास गिळवत नसे. त्यात बायको जाताना म्हणाली होती, "एवढं तरी धड करा." (लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि हे 'एवढं' दर वर्षी लहान होत चाललं होतं.)

सोबतीला सासरे आले होते. ते दिवसभर गच्चीच्या दारात खुर्ची टाकून बसत.

दोन दिवसांनी तोलून पाहतात तर वजन कमी. पुढे आणखी कमी. काठोकाठ भरलेली टोपली अर्ध्यावर आली. स्टोअरकीपर चक्रावले. तुकतुकीत मिरच्या मऊ पडल्या, सुरकुतल्या, रंगाने गडद झाल्या, हे त्यांना दिसत होतं; पण वजनाशी त्याचा संबंध असेल असं मनातही आलं नाही. त्यांच्या गोदामात नटबोल्ट असत. नटबोल्ट महिनाभर उन्हात ठेवा, वजनाला पक्के.

म्हणजे चोरी. गच्चीला दार एकच, आणि दारात सासरे! पण म्हातारा माणूस एवढ्या मिरच्यांचं करतो काय? विचारावं तर घरात आग लागणार, गप्प बसावं तर बायको आल्यावर आपली धडगत नाही. डोकं पार भंजाळलं. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. रोज कामावरून येताना ताज्या मिरच्यांची पिशवी शर्टाखाली दडवायची, सासऱ्यांची नजर चुकवून गच्चीवर जायचं आणि काटा पूर्वीच्या आकड्यावर आला की डोळे चोळत खाली यायचं.

बायको ठरल्यापेक्षा लवकर परतली. तोंड उतरलेलं. चहासुद्धा न घेता ती तडक गच्चीवर गेली. मागोमाग सासरेही.

स्टोअरकीपरांनी अभिमानाने टोपली काट्यावर ठेवली. "बघ. तू दिलंस तेवढंच आहे. तसूभर कमी नाही."

बायकोने मूठभर मिरच्या कानाशी नेऊन हलवल्या. बिया वाजेनात. "वजन तेवढंच असेल तर वाळलं काय?" तिने विचारलं.

"वाळलं की वजन जातं?"

"पाणी जातं ना त्यातलं."

स्टोअरकीपर गोंधळात नको ते बोलून गेले. "मला वाटलं, बाबा नेतात."

सासरे थंडपणे म्हणाले, "आणि मला वाटलं, जावईबापू पितात. रोज शर्टाखाली काहीतरी लपवून वर जायचं, आकडे पुटपुटायचे, लाल डोळ्यांनी उतरायचं. म्हणून तर हिला फोन करून बोलावून घेतलं."

बायकोचा जीव भांड्यात पडला. तिने डोळे पुसले, हसलीसुद्धा. "म्हणजे दारू नाही ना? सुटले बाई."

सासऱ्यांनी काट्यावरच्या टोपलीकडे पाहिलं, मग जावयाकडे, आणि लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"दारू असती तर बरं झालं असतं गं," ते म्हणाले. "ती सोडवता येते."