मन्मथप्पांचा तिसरा खराटा

आमच्या घरासमोर वेल्डिंगचं दुकान असलेले मन्मथप्पा दरवर्षी संक्रांतीच्या आधी बाजारातून एक नवा कोरा खराटा आणतात आणि दुकानात देवाच्या फोटोशेजारी खिळ्याला टांगून ठेवतात. घरात एक खराटा आहे, दुकानात एक आहे. हा तिसरा. त्याला कोणी हात लावलेला त्यांना चालत नाही. एकदा गिऱ्हाइकाच्या हातून चहा सांडला, त्यात कचरा भिजला, म्हणून मी सहज तो खराटा काढायला गेलो, तर अप्पा डोळ्यांवरची काळी काच वर सारून ओरडले, "सर, त्येला हात लावू नका! ते सलीमसाठी आणलोय."

मी तेव्हा भालकीहून बदली होऊन बसवकल्याणला नुकताच आलो होतो. हा सलीम कोण, मला माहीत नव्हतं. कोणी पाहुणा असेल म्हटलं, तर पाहुण्यासाठी खराटा आणून ठेवायची रीत आमच्या भालकीत तरी नाही. उलगडा व्हायला संक्रांत यावी लागली.

गोष्ट बास्केटबॉलची आहे. गावात दोन कॉलेजं. एक तळ्याकाठचं, दुसरं स्टँडामागचं. बाकी गाव क्रिकेटवर जीव टाकतं, कबड्डी असली की खेड्यांतून ट्रॅक्टर भरून माणसं येतात. पण या दोन कॉलेजांना कधी काळी कुण्या मास्तरांनी बास्केटबॉलची गोडी लावून दिली, ती काही सुटलेली नाही. संक्रांतीनंतरच्या रविवारी दोघांची मॅच होते. एक साल यांच्या मैदानावर, एक साल त्यांच्या. मन्मथप्पा तळ्याकाठच्यांचे. दुसऱ्या कॉलेजचं नाव ते तोंडाने घेत नाहीत, नुसतं 'पल्याडचे' म्हणतात. नवा माणूस भेटला की गाव विचारायच्या आधी विचारतात, "कंच्या कॉलेजचे?" पल्याडचा निघाला तर त्याचं गेट वेळेवर होतं, चांगलंही होतं, फक्त त्याला चहा मिळत नाही. मी भालकीचा म्हणून वाचलो.

अप्पांचं वय साठीला टेकलेलं. बॉल हातात घेतलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही, पण मतं पक्की. लांबून बास्केट करणाऱ्या पोरांवर त्यांचा राग. "लांबून टाकायलंय म्हंजे भ्यायलंय. आत घुस की रे!" केसांना काहीबाही लावून येणाऱ्या खेळाडूवरही राग, कारण तो बॉलपेक्षा केस जास्त सांभाळतो. मुलींची मॅच मात्र ते शेवटपर्यंत मन लावून बघतात. "पोरी पास देतेत, सर. पोरं नुसते फोटो देतेत." पल्याडच्यांनी एकदा उमरग्याहून एक ताडमाड पोरगा आणला, तेव्हा अप्पांनी महिनाभर गावात बोंब मारली, की भाड्याने माणसं आणायलेत, हे काय कॉलेज झालं का. पुढच्या वर्षी तळ्याकाठच्यांनी संतपूरहून तसाच एक आणला. मी आठवण करून दिली, तर शांतपणे म्हणाले, "त्येचं वेगळं हाय. त्या लेकराला शिक्षणाची आवड हाय."

मत सांगून झालं की वर शिक्का मारल्यासारखं म्हणतात, "लिहून घ्या, सर." मी शिक्षक, खिशाला पेन असतो, म्हणून मलाच म्हणत असावेत. पहिल्या वर्षी मी गंमत म्हणून खरंच एका वहीत लिहून घेतलं. 'यंदा पंधरा पॉइंटानं मारतो.' नवाने हरले. 'उमरग्याचं पोरगं यंदा पास होऊन जातंय.' ते नापास झालं आणि आणखी एक वर्ष खेळलं. 'रविवारी पाऊस पडत न्हाई.' ऐन जानेवारीत पडला. वही आता निम्मी भरत आली आहे आणि अप्पांचं एकही भाकीत खरं झालेलं नाही. त्यांना मी हे सांगितलेलं नाही. ते विचारतही नाहीत.

मी एकदा भोळेपणाने विचारलं होतं, "अप्पा, तुम्ही कोणत्या साली होता कॉलेजला?" अप्पांनी काळी काच डोळ्यांवर ओढली. आतून त्यांच्या बायकोचा, महादेवीअक्कांचा आवाज आला, "ते व्हय? ते रिंग लावायला गेल्ते कॉलेजला."

तेच खरं होतं. अप्पा सातवीत शाळा सोडून वेल्डिंग शिकायला लागले. अठराव्या वर्षी उस्तादाबरोबर तळ्याकाठच्या कॉलेजात बास्केटबॉलच्या दोन रिंगा बसवायला गेले आणि उस्तादाने पहिल्यांदा सबंध काम त्यांच्या हातावर सोडलं. त्या रिंगा अजून आहेत. अप्पा दरवर्षी शिडी घेऊन जातात, त्यांना केशरी रंग देतात, हलवून बघतात. "बॉल त्यातनं गेला की मला हितं लागतंय," असं म्हणून छातीवर हात ठेवतात. महादेवीअक्कांना यातलं काही लागत नाही. "आमच्या सोताच्या घराला गेट न्हाई, सर. सात वर्सं झालं, करतो करतो म्हणायलेत. रिंगेला मात्र दर साली रंग!"

आता सलीमभाई. स्टँडाजवळ त्यांचं सायकलचं दुकान, दुकानाला लागूनच घर. ते पल्याडचे. तेही कॉलेजात शिकलेले नाहीत; पल्याडच्या पोरांच्या बॉलमध्ये हवा भरून भरून त्यांना ते आपलं कॉलेज वाटायला लागलं. मॅचच्या दिवशी मैदानाच्या एका बाजूच्या खांबाला टेकून अप्पा, दुसऱ्या बाजूच्या खांबाला टेकून सलीमभाई. मध्ये दहा पोरं खेळतात, पण निम्मं मैदान या दोघांनाच बघायला येतं. अप्पा साधं बोलतात मराठीत, पोरांना चेव चढवतात कानडीत, "हाको! हाको!" म्हणजे टाक, टाक, आणि सलीमभाईंशी भांडण दखनीत. पलीकडून सलीमभाई ओरडतात, "अरे अप्पा, तेरे पोट्ट्यां को बॉल पकडना तो सिखा पैले!" अप्पा ओरडतात, "तू हवा भर, हवा! खेल की बातां नक्को कर!"

सहा वर्षांपूर्वी एकदा या आरड्याओरड्याला कंटाळून पंचाने दोघांनाही मैदानाबाहेर काढलं. फाटक लावून घेतलं. दोघं भिंतीबाहेर शेजारीशेजारी उभे. आतून ओरडा आला की दोघंही आपलीच बास्केट झाली म्हणून नाचायचे. त्या भिंतीपाशी पैज लागली, की जो हरेल त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी जिंकणाऱ्याच्या दुकानापुढचं अंगण झाडायचं. पैज एका वर्षाची होती, पण ती चालूच राहिली. अप्पा खराटा आणतात तो सलीमभाईंच्या हातात द्यायला. देण्याची वेळ मात्र येत नव्हती. गेली सहा वर्षं तळ्याकाठचे ओळीने हरले, आणि सहाही वर्षं अप्पा तो नवा खराटा स्वतःच खांद्यावर टाकून स्टँडाकडे गेले. एका वर्षी मी बघायला गेलो होतो. अप्पा वाकून झाडत होते आणि सलीमभाई स्टुलावर बसून, पायावर पाय टाकून सांगत होते, "वो कोना रह गया, अप्पा. हौ, वोइच."

परत येताना अप्पा मला म्हणाले होते, "एकदा. एकदा त्येला माझ्या दारात वाकून झाडताना बघायचंय, सर. मग मेलो तरी चालतंय. लिहून घ्या."

यंदा दिवाळीनंतर सलीमभाईंना लकवा मारला. उजवा हात आणि पाय गेला, बोलणं जड झालं. सायकलचं दुकान बंद पडलं. मी भेटून आलो. अप्पांना म्हटलं, तुम्हीही जाऊन या. अप्पा लोखंड कापत होते, मान वर न करता म्हणाले, "मी कामून जाऊ? ते पल्याडचं हाय." मला त्यांचा राग आला. तीस वर्षांची ओळख, आणि माणूस अंथरुणाला खिळला तरी यांचं आपलं पल्याडचं! चार दिवस मी त्यांच्या दुकानात पाय ठेवला नाही. पुढे महादेवीअक्कांनी सांगितलं, की ते दोनदा निघाले होते, दोन्ही वेळा स्टँडापर्यंत जाऊन परत आले.

संक्रांत आली, अप्पांनी खराटा आणून टांगला. रविवारी तळ्याकाठच्या मैदानावर मॅच झाली. अप्पा नेहमीच्या खांबाला टेकून उभे होते, पण तोंडातून आवाज नाही. पोरं चांगली खेळत होती, आत घुसत होती, चक्क एकमेकांना पास देत होती. अप्पांचं लक्ष समोरच्या रिकाम्या खांबाकडे. एक बास्केट तर इतकी सुरेख झाली, की मी, ज्याला या खेळातलं ओ की ठो कळत नाही, तोही उठून उभा राहिलो. अप्पा अर्धवट ओरडले, "क्या रे सली..." आणि थांबले.

तळ्याकाठचे दोन पॉइंटांनी जिंकले. सहा वर्षांनी! पोरांनी अप्पांना खांद्यावर घेतलं, हलगी आली, गुलाल उडाला, आणि मग अप्पाही अंगात आल्यासारखे नाचायला लागले. कोणीही जिंकलं तरी मिरवणूक स्टँडाच्या गल्लीतून जाते, हा रिवाज. अप्पा सगळ्यात पुढे. सलीमभाईंच्या गल्लीच्या नाक्यावर आलो आणि अप्पा एकाएकी उभे राहिले. दोन्ही हात वर करून म्हणाले, "बंद करा. हलगी बंद करा रे!" पोरांना काही कळेना. "वाजवू नका म्हणलो न्हवं!" मग ती सगळी मिरवणूक, गुलालाने माखलेली, तोंड मिटून त्या गल्लीतून चालत गेली. सलीमभाईंच्या खिडकीत दिवा होता. अप्पांनी तिकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा माझ्या दारात. खांद्यावर खराटा.

"चला, सर. सलीमकडं."

मी हबकलो. रागाने म्हटलं, "अप्पा, त्या माणसाचा हात हलत नाही. जिंकलात, पुरे झालं ना?" अप्पा चालायला लागले. काही वेडंवाकडं होऊ नये म्हणून मी मागोमाग गेलो.

सलीमभाईंच्या बंद दुकानापुढे पाचोळा साचला होता. अप्पा खिडकीपाशी गेले, घसा खाकरला, आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, "क्या सलीम! झालं का समाधान? जिंकलाव न्हवं परत! दोन पॉइंटानं गेली बग आमची."

आणि ते वाकून झाडायला लागले.

मी बघतच राहिलो. झाडता झाडता अप्पा हरलेल्या माणसाच्या सगळ्या तक्रारी करत होते. पंच तुमचा होता. आमच्या संतपूरच्या पोराला ताप होता. शेवटचा बॉल तर रिंगेवर तीनदा फिरून बाहेर गेला, मी केलेली रिंग, तरी तिने मलाच दगा दिला. हे सगळं इतकं रंगवून, की क्षणभर मलाच वाटलं आपण कालची मॅच चुकीची बघितली. सहा वर्षं वाट बघितलेला विजय हा माणूस त्या पाचोळ्याबरोबर झाडून टाकत होता. आतल्या खाटेवर सलीमभाई उशीला टेकून ऐकत होते. त्यांचं अर्धं तोंड हसत होतं. बराच वेळ ओठ हलले आणि मग जड आवाजात शब्द आले, "कोना... कोना रह गया."

"हौ रे हौ, करायलोय की!" अप्पा खिडकीकडे पाठ फिरवून म्हणाले.

सलीमभाईंच्या पत्नी, भाभी, चहा घेऊन दारात आल्या. मला कप देताना खाटेकडे बघत हळूच म्हणाल्या, "उनो को सब मालूम है, सर. हमारे जीतते तो हलगी दरवाजे तक आती. कल नाके पे इच बंद हो गई. उनो बोले, अप्पा जीत गया." मी अप्पांकडे बघितलं. भाभी म्हणाल्या, "अप्पा कू नक्को बोलो."

अप्पांनी अंगणाचा तो कोपरा दोनदा झाडला. मग आत गेले, खाटेच्या कडेला बसले आणि पल्याडच्यांच्या घरचा चहा, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, बशीत ओतून प्याले. निघताना अप्पांनी सलीमभाईंचा न हलणारा हात थोडा वेळ हातात धरला आणि खराटा खाटेशेजारी भिंतीला टेकवून ठेवला.

आम्ही परत निघालो. तळ्याच्या वळणावर अप्पा म्हणाले, "त्येला काय कळलं न्हाई, सर."

"नाही," मी म्हटलं.

"हे लिहू नका."

"नाही लिहीत." हा शब्द मी पाळला नाही, हे वाचणाऱ्यांच्या लक्षात आलंच असेल. अप्पांनी मला माफ करावं.

थोडं पुढे गेल्यावर त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं आणि एकदम नेहमीच्या आवाजात म्हणाले, "पर पुढल्या साली सोडत न्हाई त्येला. माझ्या दारात येतंय, सोताच्या पायानं. दोन्ही हातात खराटा धरून सगळं अंगण झाडतंय बगा. मी स्टुलावर बसून कोपरे दाखवतो. हे लिहून घ्या, सर."

घरी आल्याबरोबर मी वही काढली आणि तारीख घालून, अक्षर नीट काढून, ते लिहून घेतलं. अप्पांचं एकही भाकीत आजवर खरं झालेलं नाही. हे एवढं एक तरी खरं व्हावं, असं मला फार मनापासून वाटतं.