आभासी साकवाचे उद्घाटन

संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीला पऱ्यावर, म्हणजे तिथल्या ओढ्यावर, साकव हवा होता, पायी जाण्यापुरता छोटा पूल. मागणी जुनी होती आणि शासनाला ती तत्त्वतः मान्यही होती. वाडीचे मानकरी, गावकार महिपत यांची नात जनी चौथी पास झाली होती. पुढची शाळा पऱ्यापलीकडे होती आणि पावसाळाभर पऱ्या कोणालाच पलीकडे जाऊ देत नसे. गैरहजेरी वाढली तर शाळेच्या पटावरून तिचे नाव जाणार होते.

१९८९ साली रत्नागिरीच्या एका कचेरीत 'आभासी वास्तव अभ्यास कक्ष' उघडला. साकव बांधण्यापूर्वीच तो दिसला तर ग्रामस्थांना काय वाटते, याचा शास्त्रीय अभ्यास तिथे होणार होता. अभ्यास अधिकारी मालिनी केतकर यांनी महिपतच्या डोक्यावर यंत्र चढवले. आत दोन डोळ्यांसमोर दोन चिमुकले पडदे होते. मान वळवावी तिकडचे दिसे.

"काय दिसतं, गावकार?"

"साकव दिसताय, बाईसाहेब. कठडापन हाय." महिपतने कठडा धरायला हवेतच हात पुढे केला.

"मग चाला की त्यावरून."

"तसा कसा चालू? नारल नाय, गाऱ्हाना नाय."

नव्या कामावर देवाला सांगितल्याशिवाय पाय ठेवायचा नाही, ही गावची रीत. कचेरीतल्या साहेबांसाठी आणलेला नारळ महिपतने पिशवीतून चाचपडत काढला, फरशीवर फोडला आणि गाऱ्हाणे घातले, "म्हाराजा, माज्या नातीला पार ने." शिपायाने खोबरे वाटले. बाईंनी 'उद्घाटन संपन्न' असा शेरा मारला.

पुढचे सगळे नियमाप्रमाणे झाले. उद्घाटन झालेल्या जागी दुसरा साकव मंजूर होत नाही, म्हणून मागणी निकाली निघाली. जुलैत पऱ्याला पूर आला. अभ्यास वास्तवाला धरून हवा, म्हणून बाईंनी यंत्रातही पूर सोडला. साकव वाहून गेला. पंचनाम्यासाठी महिपतला पुन्हा यंत्र घालून उभे केले.

"आता तरी खरा बांधा," तो म्हणाला.

"पाया कच्चा असताना नारळ कोणी फोडला, याची आधी चौकशी व्हायला हवी, गावकार. ती तुमच्यावरच येते."

"पन पोरीनं साळंत जायाचा कसा?"

"पुढच्या टप्प्यात शाळाही दाखवू."

शाळेने जनीचे नाव कमी केले. तेवढे काम मात्र अस्सल झाले, आणि मला त्याचा अजून राग येतो.

वाचकहो, हे वाचताना पऱ्या आपल्याही डोळ्यांसमोर उभा राहिला असेल, पोरीसाठी जीव हळहळला असेल. कक्ष आपला आभारी आहे. जनीला मदत करणाऱ्यांत आपली गणना झाली आहे. ती अजून पऱ्याच्या अलीकडेच आहे.