पत्रिकेवरचा पत्ता

गोव्यातल्या सर्वण गावच्या देवस्थानची वेबसाइट फुकट करून द्यायचं सिद्धेशनं कबूल केलं, त्यात त्याचा स्वार्थ होता. पुण्यातली नोकरी सुटून चार महिने झाले होते आणि गावात तो 'घरातून काम करतो' म्हणून सांगत होता. जत्रेआधी साइट उभी राहिली असती, तर हे खोटं निदान जत्रेपुरतं खरं ठरलं असतं.

पण पुण्यात तो फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायचा. साइट ज्यावर चालणार, त्या लिनक्सचं त्यानं फक्त नाव ऐकलं होतं. साइट बांधण्याआधी कॉम्प्युटरची तयारी करावी लागते, त्या तयारीतच तीन आठवडे गेले. एक सॉफ्टवेअर टाकावं तर ते दुसरं मागे, दुसरं टाकावं तर ते पहिल्याची जुनी आवृत्ती मागे. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटेना, तेव्हा कीबोर्ड बिघडला म्हणून तो डिचोलीला जाऊन नवा घेऊन आला. नव्यावरही काही उमटलं नाही; लिनक्सवर पासवर्ड दिसतच नसतो.

अखेर एका सकाळी पडद्यावर इंग्रजीत 'चाललं, अभिनंदन' असं पान झळकलं. म्हणजे तयारी पुरी झाली, साइटचा अजून पत्ता नव्हता. नेमके तेव्हाच समितीचे अध्यक्ष गोकुळदासकाका दारात आले.

"जाली मरे सायट?"

"जाली म्हणजे काका, सुरू जाली..."

काकांनी चष्मा चढवून अभिनंदन वाचलं आणि वरचा 'लोकलहोस्ट' असा पत्ता अक्षर न् अक्षर कागदावर उतरवून घेतला. हा पत्ता फक्त याच कॉम्प्युटरवर चालतो, हे सांगायला सिद्धेशनं तोंड उघडलं, तेवढ्यात काका आत वळून म्हणाले, "सगुण, तुज्या चल्यान नांव काडलें." वडील आतल्या दारात उभे होते. पोराच्या कौतुकानं उजळलेला त्यांचा चेहरा पाहून सिद्धेशनं तोंड मिटलं.

चार दिवसांनी जत्रेच्या आठशे पत्रिका छापून आल्या. तळाशी ठळक अक्षरात तोच पत्ता. सिद्धेश धावतच काकांकडे गेला.

"काका, पत्त्यांत मातशी चूक आसा. परत छापूंया?"

"पयली पत्रिका सकाळींच देवाक दवरली. आतां कानो-मात्रा बदलपाची ना."

देवापुढे ठेवलेल्या पत्रिकेत बदल करायची गावात कुणाची छाती नव्हती. सिद्धेश मान खाली घालून परतला.

मग फोन सुरू झाले. पत्रिका डिचोलीत गेली, पेडण्यात गेली, कुणी तिचा फोटो दुबईला धाडला. ज्यानं तो पत्ता उघडला, त्याला तो त्याच्याच कॉम्प्युटरच्या दारात नेऊन उभा करी, आणि तिथे काही नसे.

"सिद्धेश, कायच दिसना मरे."

"गर्दी खूब जाल्या," सिद्धेशनं ठोकून दिलं.

गर्दीची बातमी समितीपर्यंत गेली. समिती म्हणे इतकी खूश झाली, की जत्रेच्या नाटकाच्या मध्यंतरात सिद्धेशचा सत्कार ठरला.

अंगावर शाल पडली तेव्हा त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. माइक हातात आला आणि त्याला राहवलं नाही.

"सायट ना," तो म्हणाला. "पत्रिकेवयलो पत्तो फकत म्हज्या घरांत चलता. आनी म्हाका नोकरीय ना. पांच म्हयने जाले."

काकांनी माइक काढून घेतला आणि त्याच्या कानाशी लागले.

"पिशा, पत्त्याचें म्हज्या नातीन, गौरवीन, पत्रिका आयल्या उपरांत दुसऱ्याच दिसा सांगिल्लें. कॉलेजांत तेंच शिकता ती. नोकरेचें तर सगळ्या गांवाक खबर."

"मग हो सत्कार कित्याक?"

"तुज्या बापायक खबर नाशिल्लें म्हणून. ताका कळचें न्हय, म्हणून आमी सगळे गप्प रावले. आनी तुवें सरळ माइकारच सांगलें."

सिद्धेशनं पहिल्या रांगेत पाहिलं. शाल घातली तेव्हा सुरू केलेल्या टाळ्या वडिलांनी अजून थांबवल्या नव्हत्या. त्यांची मान मात्र खाली होती.