पूर्वेकडील खिडकीच्या पत्र्याची बखर

श्री उजेडदेवी प्रसन्न. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, वैशाख वद्य पंचमीस पूर्वेकडील खिडकीवर जो प्रसंग गुदरला त्याची हकीकत ऐसीजे. राज्याचे नाव लिहिणे नलगे. तीन खोल्या आणि एक अंगण, इतकाच मुलूख. तेथे राजश्री पुंडलीकराव, पोस्टाची कारकुनी करोन निवृत्त जाहालेले, आणि सौभाग्यवती कुमुदिनीबाई, ज्यांचे शिवणयंत्र त्या खिडकीत अडतीस वर्षे ठाण मांडोन होते. खिडकीचे माथ्यावर जस्ती पत्र्याची पट्टी. भिंतीवरोन ओघळते पाणी चौकटीबाहेर टाकावे ही तिची चाकरी. ती गंजोन चाळण जाहाली आणि गतवर्षी पाणी यंत्रावर आले, तेव्हा लेकाने फर्माविले की पावसापूर्वी यंत्र आतील खोलीत न्यावे. आतील खोलीत अंधार आणि बाईंची नजर अधू. यंत्र तेथे गेले म्हणजे बाईंचे शिवणे सरले, हे राव जाणोन होते.

मग राव शिडीवर स्वार जाहाले, आणि जुनी पट्टी उपटिली, आणि नवी पट्टी गिलाव्यावरच खिळे ठोकोन बसविली, आणि मिशांस पीळ दिला. बाईंनी खालोन पाहिले आणि म्हणाल्या, "अहो, रेनकोट शिवताना मी वरचा तुकडा खालच्यावर चढवते. तुम्ही उलटं केलंत. पाणी पट्टीच्या मागे शिरेल."

राव म्हणाले, "कापड वेगळं, भिंत वेगळी."

"पाणी तेच ना?"

राव घटकाभर रुसोन बसले, चहा घेतला, आणि मग पट्टी काढिली, आणि गिलाव्यास खाच पाडोन वरची कड आत सारिली, आणि तीवर नवा गिलावा ओढिला. दोन दिवस तो सुकू दिला. मग परीक्षेस बादली घेवोन चढले, तों आत बाई यंत्रावर बसोन शेजारणीच्या लेकीचे लग्नाचे रेशमी पोलके शिवीत आहेत.

राव म्हणाले, "अगं, ते पोलकं तरी बाजूला ठेव."

"तुम्ही ओता हो."

रावांनी एक बादली ओतिली, आणि दुसरी, आणि तिसरी. आत थेंब गेला नाही, आणि यंत्राची खडखड क्षणमात्र थांबली नाही. राव शिडीवरच डोळे पुसते जाहाले.

येणेप्रमाणे यंत्र जागचे हलले नाही, आणि लेकास तैसे कळविले. राव पुढे स्वमुखे सांगत की बत्तीस वर्षे साहेबांनी आपला एक कागद तपासल्याविना घेतला नाही, आणि बाईंनी त्या दिवशी मान वर करोन पाहिलेही नाही.